फायबरग्लासचा केबिन टॉप बसवताना: किट विमान बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲल्युमिनियमचं किट बांधताना हाताला एक सवय लागते. भोकं कारखान्यातूनच पाडून आलेली असतात. पत्र्यावर पत्रा ठेवला की भोकावर भोक येतं, क्लेको, म्हणजे भोकात घालायचे तात्पुरते चिमटे, लावले की भाग जागेवर बसतो. मग एके दिवशी छताचं, म्हणजे केबिन टॉपचं, खोकं उघडतं आणि आतून एक मोठं, हलकं, कडा ओबडधोबड असलेलं टरफल निघतं. त्यावर फक्त साच्यातून उमटलेल्या कापणीच्या रेघा असतात. आरव्ही-१० सारख्या चार आसनी विमानात सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, पण छत फायबरग्लासचं आणि दोन्ही दरवाजे वरच्या बाजूला उघडणारे. तिथे हा बदल फार जाणवतो. आतापर्यंत आपण भाग जोडत होतो, आता भाग घडवायचा असतो. खालचे प्रश्न याच टप्प्यावर पुन्हा पुन्हा येतात.

टॉप ठेवून पाहिला तर कुठेच नीट बसत नाही. माझा तुकडा खराब आला आहे का?

बहुतेक वेळा नाही. रेझिन, म्हणजे काचेच्या कापडात मुरवलेला घट्ट होणारा द्रव, घट्ट होताना थोडं आकसतं, साच्यातून काढल्यावर टरफल किंचित मोकळं होतं, आणि दरवाजांच्या मोठ्या उघड्या जागांमुळे टॉपच्या खाली उतरणाऱ्या खांबांना आधार राहत नाही. त्यामुळे खालची टोकं आत झुकतात किंवा बाहेर फाकतात. काही मिलिमीटरचा फरक सामान्य आहे. खोक्यातून काढल्यावर टॉप चारही खांबांवर सपाट जमिनीवर ठेवा आणि मधे आडव्या लाकडी पट्ट्या बांधून रुंदी आराखड्याप्रमाणे धरून ठेवा. भिंतीला तिरका टेकवून महिनोन्महिने ठेवला, त्यातही उन्हात, तर तो खरोखरच वाकतो.

खरा दोष वेगळा दिसतो. रेझिन न पोचलेलं कापड पांढुरकं, कोरडं दिसतं. थर सुटलेले असतील तर नाण्याने हलकेच ठोकत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द येतो. ती जागा पेन्सिलने आखा, फोटो काढा आणि किट बनवणाऱ्याला कापण्याआधीच कळवा. एकदा करवत लावली की तो तुकडा तुमचा झाला.

आधी विमानाच्या सांगाड्याचं काही तपासावं लागतं का?

हो, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. सांगाडा घोड्यांवर, म्हणजे लाकडी आधारांवर, पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट करा. मग दरवाजाच्या जागेचे कर्ण मोजा: डावीकडचे दोन, उजवीकडचे दोन. दोन्ही बाजूंची मापं जुळली पाहिजेत. पुढून आणि मागून ओळंबा सोडून मधली रेघ तपासा. सांगाड्यात पीळ असेल तर टॉप त्याच पिळात कायमचा बसतो, आणि नंतर एक दरवाजा नीट लागतो तर दुसरा लागत नाही. टॉप पक्का होईपर्यंत घोडे हलवू नका. हलवावेच लागले तर सगळी मापं पुन्हा घ्या.

कापणीच्या रेघेवरच कापू का?

नको. रेघेच्या बाहेर २ ते ३ मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं घासत रेघेपर्यंत या. डायमंड किंवा कार्बाइडची छोटी चकती लावलेलं रोटरी हत्यार उत्तम. साधी धातूची करवत चालते, पण काच तिचे दात लवकर बोथट करते. सरळ कडांना लांब लाकडी पट्टीवर चिकटवलेला ८० नंबरचा पॉलिश पेपर वापरा, म्हणजे कडेला लाटा येत नाहीत. आतल्या कोपऱ्यांना गोलाई ठेवा. काटकोनी खाच ठेवली की तिथूनच भेग सुरू होते.

टॉप किती वेळा चढवावा-उतरवावा लागेल?

माझ्या कामात वीसच्या आसपास वेळा. कडेचा थोडा भाग घासायचा, चढवायचा, कुठे टेकतो ते पाहायचं, उतरवायचं. कुठे टेकतो ते नजरेने कळत नाही. पत्र्यावर मास्किंग टेप लावून त्यावर खडूची पूड चोळा. टॉप ठेवून उचलला की जिथे खडू कडेला लागलाय तिथेच घासायचं. छताच्या तुळईला दोन कप्प्या आणि दोर बांधून घेतले तर हे काम एकट्याने होतं. नसेल तर दरवेळी दुसरं माणूस हवं, कारण एकट्याने उचलताना तो एका खांबावर आपटतो.

थोडासाच राहिलाय, पट्ट्याने ओढून बसवला तर चालेल का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माझं उत्तर ठाम आहे: टॉप स्वतःच्या वजनावर, हाताच्या हलक्या दाबाने जागेवर बसला पाहिजे.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मागचा डावा कोपरा ५ मिलिमीटर वर राहत होता. रॅचेटच्या पट्ट्याने तो खाली ओढला, भोकं पाडली, स्क्रू लावले. वरून बघायला अगदी छान बसला होता. दोन महिन्यांनी दरवाजा बसवायला घेतला तेव्हा त्याच बाजूचा वरचा काठ बाहेर फुगलेला दिसला. ओढून बसवलेला ताण कुठे जात नाही, तो टॉपमध्ये साठून राहतो. मग तो दरवाजाच्या फटीत, काचेच्या कडेला किंवा रंगातल्या बारीक भेगेत बाहेर येतो. शेवटी स्क्रू काढले, कडा आणखी घासली आणि उरलेल्या पोकळीत भरण भरून तळ जुळवून घेतला. हे मी आधीच करायला हवं होतं.

मग फट राहिली तर काय करायचं? फट भरायची. पत्र्यावर पॅकिंग टेप लावा, त्यावर मेण चोळा, फटीत इपॉक्सी रेझिन आणि कापसाच्या तंतूंचं घट्ट मिश्रण भरा आणि टॉप ताण न देता वर ठेवून सुकू द्या. उचलला की खाली पत्र्याचा हुबेहूब ठसा मिळतो. ताणापेक्षा भरण केव्हाही बरं.

भोकं कशी पाडायची? इथे रिव्हेट चालतील का?

ठोकून बसवायचे भरीव रिव्हेट फायबरग्लासमध्ये नकोत. रिव्हेट ठोकला की त्याचा दांडा भोकात फुगतो, आणि काचेचे थर तो दाब सोसत नाहीत, ते फुटतात. म्हणून इथे स्क्रू, बोल्ट, नटप्लेट (पत्र्यामागे पक्का बसवलेला नट) आणि रुंद वॉशर वापरतात. ड्रिल करताना मागे लाकूड धरा, नाहीतर बाहेर पडताना बिट मागचे तंतू उपटतं. काच बिटाची धार झपाट्याने खाते, त्यामुळे हाय-स्पीड स्टीलचे काही बिट या कामात जातील हे गृहीत धरा. स्क्रूचं डोकं बसवायला खोलवा करताना थोडंथोडं उतरा. बोल्ट आवळताना दिलेला टॉर्क पाळा, कारण जास्त आवळला तर वॉशरखालचा थर चिरडतो.

कोणतं रेझिन वापरू?

किटच्या सूचनेत जे लिहिलंय ते. बहुतेकांचा कल इपॉक्सीकडे असतो आणि माझाही. इपॉक्सी जवळपास सगळ्याला चिकटतं, जुन्या पॉलिएस्टरलाही. उलटं मात्र होत नाही. सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर रेझिन किंवा त्याचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, नीट धरत नाही, कधी कधी सुकतच नाही. म्हणून एकदा इपॉक्सीने सुरुवात केली की शेवटपर्यंत इपॉक्सीच.

प्रमाणात चूक करू नका. इपॉक्सी दोन भागांत येतं: रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर. वेस्ट सिस्टीमच्या १०५ रेझिनला २०५ हार्डनर आकारमानाने ५ ला १ लागतं. एमजीएस २८५ या दुसऱ्या इपॉक्सीला हार्डनर वजनाने १०० ला ४० लागतं. एक मापाने, दुसरं वजनाने. डबा बदलला की हे विसरतं आणि मिश्रण चिकटच राहतं. हार्डनर जास्त घातला म्हणून इपॉक्सी लवकर सुकत नाही, कमजोर होतं. लवकर सुकवायचं असेल तर वेगवान हार्डनर घ्या किंवा खोली उबदार करा. तापमान १० अंशांनी वाढलं की सुकण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. २० ते २५ अंश हे आरामाचं तापमान.

एका वेळी थोडंच कालवा. डब्यात जास्त मिश्रण राहिलं की ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं, प्लॅस्टिकचा कप वितळतो. कालवल्यावर लगेच पसरट ताटलीत ओता. आणि प्रत्येक कपात थोडं उरलेलं तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहा. कपातलं कडक झालं नसेल तर विमानावरचंही झालेलं नाही.

भरण कशात कालवायचं? एकच पावडर सगळीकडे चालत नाही का?

चालत नाही. जिथे ताकद हवी, म्हणजे खांबांचे तळ, सांधे, दरवाजाचे काठ, तिथे इपॉक्सीत कापसाचे बारीक तंतू घाला. घासायला ते फार चिवट, पण मजबूत. जिथे नुसता आकार हवा, वरचे खळगे, वळणं, तिथे काचेच्या पोकळ गोळ्यांची पावडर, म्हणजे मायक्रो. ती हलकी आणि झटकन घासली जाते, पण तिच्यात ताकद नसते, तिच्यावर काही बेतू नका. उभ्या पृष्ठभागावरून मिश्रण ओघळू नये म्हणून सिलिकाची बारीक पावडर घालतात. ती घासणं त्रासाचं आहे, म्हणून कमी घाला.

टॉपला कापड चिकटवण्याआधी काय करायचं?

आधी धुवा, मग घासा. हा क्रम उलटू नका. साच्यातून सुटावा म्हणून आत मेण लावलेलं असतं. मेणावरच पॉलिश पेपर चालवला तर ते ओरखड्यांत खोल जाऊन बसतं. साबणपाणी, मग मेण काढणारं सॉल्व्हंट आणि दरवेळी स्वच्छ फडकं. नंतर ६० ते ८० नंबरने झिलई जाईपर्यंत घासा. ॲल्युमिनियमला चिकटवायचं असेल तर घासल्यावर लगेच चिकटवा, कारण त्यावर नवा ऑक्साइड तयार होतो.

सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणासारखा तेलकट थर येतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून पाण्याने आणि स्क्रबरने आधी काढा. पील प्लाय, म्हणजे वरून लावून नंतर सोलून काढायचं कापड, वापरलं की हा त्रासही वाचतो आणि पुढच्या थराला खरखरीत तळ मिळतो.

कापड विणीला ४५ अंशांत कापा, ते वळणावर सुरेख बसतं. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचं साधं विणीचं कापड बहुतेक जागी पुरतं. आतल्या कोपऱ्यात आधी भरणाची गोलाई द्या, तंतू काटकोनात वळत नाहीत, खाली हवा राहते. कापडाच्या वजनाइतकंच रेझिन असावं. चमकणारं, ओथंबलेलं कापड चांगलं दिसतं, पण ते नुसतं वजन आहे.

धूळ आणि रेझिनपासून किती जपायचं?

मनापासून सांगतो, यात कंजूषपणा करू नका. कापताना आणि घासताना बारीक कणांचा चांगला रेस्पिरेटर, चष्मा, लांब बाह्या आणि हत्याराला लावलेला व्हॅक्यूम. अंगाला खाज सुटली तर आधी थंड पाण्याने धुवा. इपॉक्सीचा धोका वेगळा आहे. ते वारंवार कातडीला लागलं तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती आयुष्यभर राहते. नायट्राइल हातमोजे, आणि हाताला लागलंच तर साबण. ॲसिटोनने हात पुसू नका, ते रेझिनला कातडीत आणखी आत नेतं.

दरवाजे कधी बसवायचे?

टॉप सगळ्या स्क्रूंनिशी शेवटच्या जागी बसल्यावर. त्याआधी नाही, कारण टॉप ३ मिलिमीटर सरकला की दरवाजाही सरकतो. दरवाजा आत-बाहेरच्या दोन कवचांचा असेल तर ती कवचं टेबलावर नव्हे, दरवाजाच्या जागेत टॉपला धरूनच एकमेकांना चिकटवा. म्हणजे दरवाजा टॉपचीच वळणं घेतो. टॉपवर आधी पॅकिंग टेप लावायला विसरू नका, नाहीतर दरवाजा आणि टॉप एक होतील. रबरी सील आधीच निवडा आणि त्याचा तुकडा हातात घेऊन काठ कापा. सीलला जागा हवी. सील जास्त दाबला गेला तर दरवाजा लागत नाही, कमी दाबला तर वारा शिट्टी घालतो.

आता दरवाजा बंद ठेवणाऱ्या कड्यांविषयी. उडताना छतावरून हवा वेगाने जाते, बाहेरचा दाब कमी होतो आणि दरवाजा बाहेर ओढला जातो. किती? १६० नॉट म्हणजे सुमारे ८२ मीटर प्रति सेकंद. समुद्रसपाटीच्या घनतेला गतिज दाब सुमारे ४१०० पास्कल. उदाहरणादाखल त्याचा अर्धा दाब बाहेर ओढतो असं धरा आणि दरवाजा ०.७ चौरस मीटरचा धरा, तर ओढ जवळपास १४५ किलो वजनाइतकी होते. हँडल फिरवल्यावर पुढे आणि मागे एकेक खिळ जाणाऱ्या रचनेत दरवाजाचा खालचा मधला भाग मोकळाच राहतो आणि तोच बाहेर फुगतो. म्हणून अनेकजण मधे तिसरी कडी लावतात. मी ती लावतो आणि सगळ्यांना लावायला सांगतो.

वर उघडणारे दरवाजे उडताना उखडून गेल्याच्या घटना झाल्या आहेत. बहुतेकदा एक खिळ खाचेत गेलीच नव्हती आणि हँडल मात्र बंद दिसत होतं. यावर तीन उपाय एकत्र हवेत. खिळ पूर्ण गेली की आतून दिसेल अशी रंगाची खूण. प्रत्येक खिळीवर सेन्सर आणि उपकरणांच्या पॅनलवर एकच दिवा, जो सगळ्या खिळी आत गेल्यावरच विझेल. आणि हँडल सुटलं तरी दरवाजा धरून ठेवणारी स्वतंत्र सुरक्षा कडी. उड्डाणाआधी दरवाजाचे खालचे दोन्ही कोपरे वैमानिकाने स्वतः हाताने बाहेर ढकलून पाहावेत. प्रवाशाने लावला म्हणून लागला, असं समजू नये.

खिडक्या चिकटवल्यावर कडेने रंगाला भेगा का जातात?

कारण प्रत्येक पदार्थ उष्णतेने वेगवेगळा वाढतो. एक मीटर लांबीचा ॲक्रिलिकचा तुकडा ४० अंशांच्या फरकाला सुमारे २.८ मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियम तेवढ्यात ०.९ मिलिमीटर, आणि काच-इपॉक्सी त्याहूनही कमी. खिडकीभोवतीची फट मायक्रोने गच्च भरली तर खिडकी तिथे ढकलत राहते आणि ठिसूळ भरण तडकतं. यावर दोन मार्ग आहेत. एक, कडक चिकट पदार्थाने खिडकी बसवून सांध्यावर पातळ काचकापडाचा थर द्यायचा, म्हणजे ताण पसरतो. दुसरा, सिकाफ्लेक्स २९५ यूव्हीसारखा लवचिक पदार्थ त्याच्या प्रायमरसकट वापरायचा आणि फट उघडीच, नीट पूर्ण केलेली रबरासारखी रेघ म्हणून ठेवायची. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. रेघ दिसते, पण तडकत नाही. त्यात खिडकीखाली थोडी जाडी राहू द्या. दाबून सगळा पदार्थ बाहेर काढला तर लवचिकपणाच उरत नाही.

ॲक्रिलिकला ॲसिटोन लावू नका, आत जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. कडा गुळगुळीत घासा आणि थंड खोलीत कापू नका. चिकटवायचं काम मध्यम तापमानात करा, म्हणजे पुढे उन्हाळा आणि थंडी दोन्हींकडे सारखाच ताण वाटला जातो.

पुढच्या काचेच्या बुडाशी जे कापडाचं वळण देतात, ते आतून घाणेरडं दिसतं.

पहिल्या थराच्या रेझिनमध्ये काळं रंगद्रव्य घाला. आतून काचेतून पाहिलं की सरळ, काळी कड दिसते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने रेघ आखून घ्या आणि तेवढाच भाग खरखरीत करा. एक ओरखडा रेघेबाहेर गेला तर तो कायमचा डोळ्यांपुढे राहतो.

सगळं घासून झालं, प्रायमर मारला आणि शेकडो सुईएवढी छिद्रं दिसली.

ती आधीच होती, घासल्यावर हवेचे बुडबुडे उघडे पडले. प्रायमरचे थर चढवत बसू नका, रंग छिद्रावर पूल बांधतो आणि नंतर खचतो. प्रायमर घासून काढा आणि भरणाशिवायचं साधं इपॉक्सी जुन्या प्लॅस्टिक कार्डाने दाबून ओढा, जवळजवळ सगळं पुसून काढत. ओलं असतानाच असे तीन-चार हात द्या. मग गाइड कोट (उंचवटे-खळगे दाखवणारा पातळ रंगाचा हात), लांब ठोकळा आणि तिरप्या दिशेने घासणं. खालचं कापड दिसू लागलं की थांबा, तंतू कापले की ताकद कापली.

गाडीच्या रंगकामाची लांबी वापरली तर?

मोठ्या जागेवर नको. ती पॉलिएस्टरची असते, जड असते, आणि इपॉक्सीवर तिचा भरवसा नाही.

छत गडद रंगाचं चालेल का?

खोलीच्या तापमानाला सुकलेलं बरंचसं इपॉक्सी ५० ते ७० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. कडक उन्हात उभ्या विमानाचा गडद पृष्ठभाग त्याच्याही वर जातो. आतल्या कापडाची वीण रंगातून उमटते, सांधे दिसू लागतात. छतावर पांढराच रंग द्या आणि तुमची आवडती छटा खाली ॲल्युमिनियमवर काढा.

वायरिंग टॉप चिकटवण्याआधी करावं की नंतर?

जेवढं होईल तेवढं आधी. टॉप पक्का झाला की पॅनलमागे हात घालायला वाकून, पाठीवर झोपून जावं लागतं. म्हणून कित्येकजण टॉप स्क्रूंनी बसवून दरवाजे पूर्ण करतात, मग टॉप उतरवून पॅनलची कामं उरकतात आणि शेवटी चिकटवतात. दिव्यांच्या आणि हवेच्या नळ्यांच्या वाटा आधीच ठरवा, एक जास्तीचा दोराही त्या नळीत सोडून ठेवा. फायबरग्लासमधून रेडिओ लहरी आरपार जातात, त्यामुळे जीपीएसचा अँटेना छताच्या आत चालतो. वर धातूचे कण असलेला रंग मात्र देऊ नका. बोलण्याच्या रेडिओचा अँटेना आत लावायचा असेल तर त्याच्याखाली धातूचा पत्रा किंवा फॉइल पसरून लहरींसाठी धातूचा तळ (ग्राउंड प्लेन) तयार करावा लागतो.

पाणी आणि वायू आत येतो का, हे कसं तपासायचं?

आत एकाला टॉर्च देऊन बसवा आणि बाहेरून पाईपने आधी खालून, मग वर वर पाणी सोडा. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून आलं हे कळत नाही. रात्री आत दिवा लावून बाहेरून फिरलात तर उजेड फटीतून दिसतो, तीही चांगली चाचणी. उडताना दरवाजाच्या फटीतून एक्झॉस्टचा धूरही ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून पॅनलवर त्याचा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लावा. पहिल्या काही उड्डाणांत वेगवेगळ्या वेगांना, हीटर चालू आणि बंद ठेवून, त्याचा आकडा टिपून ठेवा. आकडा वर गेला तर आधी फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीची, भोकं पाहा, मग दरवाजाचा खालचा सील.